चार नंबरच्या विहिरीचं पाणी

विहिरीत पाणी किती आहे हे आमच्याकडं कुणी कुणाला खरं सांगत नाही. काठोकाठ भरलेल्या विहिरीचा मालकसुद्धा "हाय ढोरापुरतं" म्हणतो आणि विषय बदलतो. खरं सांगितलं की आठ दिवसांत शेजारच्या बांधाला लागून बोअरची गाडी उभी राहते. याच गावांत मी वाढलो आणि नोकरी लागली ती नेमकी विहिरींतलं पाणी मोजण्याची. हसावं की रडावं!

काम तसं सोपं होतं. केबलच्या टोकाचा सेन्सर विहिरीच्या तळाला सोडायचा. वर कठड्यावर मुठीएवढी डबी, तिच्यात बॅटरी आणि सिम. डबी तासाला एकदा जागी होते, सेन्सरच्या डोक्यावर किती फूट पाणी आहे ते ऑफिसला कळवते आणि परत झोपते. माकणी गावाच्या बाजूला चाचणीसाठी चार विहिरी हव्या होत्या. तीन मिळाल्या. चौथी कुणी देईना, तेव्हा मी आत्याकडं गेलो.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. शेत एकटी बघते, बोलते कमी. तिनं एकच विचारलं, "ह्यो आकडा वाटंत कुणी बघितला तर?"

मी छाती फुगवून सांगितलं, "आत्या, डबी आकडा पाकिटात घालती आन् पाकीट हितंच, तुमच्या कठड्यावर चिकटवती. फुटतं ते थेट आमच्या हापिसात. मधी कुणालाच कळत न्हाय. माझा शब्द हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणाली.

आणि मग बॅटऱ्या मरायला लागल्या. पाच वर्षं चालेल म्हणून दिलेली बॅटरी पाच महिने टिकेना. तपासल्यावर कळलं की डबीची खरी दमछाक आकडा पाठवण्यात नव्हती, ती पाकीट चिकटवण्यात होती. दरवेळी आधी ऑफिसशी ओळख पटवायची, खुणेची देवाणघेवाण करायची, मग कुलूप. दोन अंकांच्या आकड्यासाठी एवढा सोहळा. आत्याच्या डबीची बॅटरी मी स्वतः दोनदा बदलली.

ऑफिसनं तोड काढली. डबीनं नुसता आकडा सांगायचा. टॉवरपर्यंत सिमची म्हणून जी राखण असते ती आहेच. पुढचं पाकीट मोबाइल कंपनीच्या यंत्रणेनं चिकटवायचं, तिच्याकडं विजेला काय तोटा? हिशेब बिनचूक होता. पण म्हणजे आत्याचा आकडा आता परक्याच्या घरात उघडा होणार होता, भले क्षणभर का असेना. मी मीटिंगमध्ये तसं म्हणालो. साहेब हसले. "अहो, पाण्याची पातळी आहे ती, बँकेचा पासवर्ड नाही." मला असा राग आला की टेबलाखाली पाय हलायला लागला. नळाचं पाणी पिणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

सोमवारी सगळ्या डब्यांना ऑफिसातूनच नवा आदेश जाणार होता. मधले पाच दिवस मी कुठं धड बसलो नाही. दोनदा गाडी काढून आत्याकडं गेलो आणि दोनदा इकडचं तिकडचं बोलून परत आलो. पानात भाकरी तशीच राहायची. दुसऱ्यांदा तिनं वाढलेली मेथीची भाजीही मी चिवडत बसलो. भर एप्रिलात तिच्या वाफ्यात मेथी कशी, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी मात्र उंबऱ्यातच सगळं ओकून मोकळा झालो. पाकीट आता कठड्यावर बंद होणार नाही, टॉवरच्या पलीकडं होणार. शब्द पाळता आला नाही. तुमी म्हणाल तर डबी आत्ता काढतो.

"एवढ्यासाठी अन्न ग्वाड लागंना व्हय तुला?" आत्या म्हणाली आणि चपला घालून विहिरीकडं चालायला लागली.

कठड्यापाशी तिनं मला आत वाकायला लावलं. दगडाखाली, वरून दिसणार नाही अशा खोबणीत, केबलचं वेटोळं जुन्या लुगड्याच्या काठानं आवळून बांधलेलं होतं. निदान वीस फुटांचं.

"पयल्याच दिवशी वर वढून घेतलीया," ती म्हणाली.

म्हणजे सेन्सर तळाला नव्हताच, मधेच लोंबकळत होता. इतके महिने डबी जो आकडा कुलपात घालायला जीव काढत होती, तो आकडाच खोटा होता. खाली काळंभोर पाणी हलत होतं. मी आधी हसलो, मग मला फार लागलं.

"आत्या, म्या शब्द दिला व्हता तुमाला."

"दिला व्हतास. पर त्यो शब्द तुजा कुठं व्हता, लेकरा? सायबानं बदलला तवा तुला इचारलं का?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "खरं किती हाय पाणी?"

पाणी आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर होतं.

"हाय ढोरापुरतं," ती म्हणाली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. उद्याची तयारी चालली होती. "चार नंबरचं रीडिंग बाकीच्या विहिरींपेक्षा फार कमी दिसतंय. सेन्सर जागेवर आहे ना?" मी वेटोळ्याकडं बघितलं. आत्या माझ्याकडं बघत नव्हती, कठड्यावरचा पाचोळा बोटांनी गोळा करत होती.

"जागेवर आहे, सर," मी म्हणालो. "पाणीच तेवढं आहे. ढोरापुरतं."

फोन खिशात घातला. ज्या कामाचा पगार खातो त्याच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोललो होतो, आणि ते पुढं रोज तासातासाला बोललं जाणार होतं. आत्यानं पाचोळा बांधाकडं टाकला, हात झटकले.

"चल, भाकरी टाकते," ती म्हणाली.

त्या दुपारी मी तीन भाकरी खाल्ल्या.