तिसरीची शिंप

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. आज जेवताना तिसरीची शिंप बोटांत चुरली, आणि मग टाळता येईना.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. एका वर्षी आमच्या बाजारात खाडीतले शिंपले विकणाऱ्या सुलभाच्या तिसऱ्या अशाच पातळ, खडूसारख्या निघाल्या. मी चारचौघांत विचारलं, "ॲसिडात धुतेस काय गं?"

"मी कशाला धुतेय, मास्तर? दर्याच धुऊन देतो," ती हसली.

गिऱ्हाइकं हसली नाहीत. मास्तरांचा संशय त्यांना पुरला. आठवड्याभरात सुलभाची पाटी बाजारातून उठली.

धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि शिंपल्यांना कवच बांधायला कार्बोनेट कमी पडतं, हे मी पुढे वाचलं. व्हिनेगरमध्ये विरघळणारी शिंप तर दरवर्षी वर्गात मीच दाखवायचो. आमच्या खाडीत नेमकं हेच झालं होतं का, मला सांगता येणार नाही. पण संशय घेताना मला सुलभाचे हातच दिसले, पाणी दिसलं नाही.

एकदा तिच्या घरी गेलो. "तिसऱ्या हव्यात, मास्तर?" तिनं दारातूनच विचारलं.

माझं चुकलं, एवढंच म्हणायला गेलो होतो. म्हणालो, "एक वाटा दे."