अर्डिसचे कोंबडे

शनिवार उजाडला की अर्डिसला अंथरुणातून उठावंसंच वाटायचं नाही. शनिवार म्हणजे कोंबडे पुसायचा दिवस.

खरे कोंबडे असते तर परवडलं असतं हो, एकेक करून कापून तरी खाल्ले असते. हे सगळे चिनीमातीचे, लाकडाचे, पत्र्याचे नाहीतर कापूस भरलेले. ओट्यावर कोंबडे, फ्रिजच्या डोक्यावर कोंबडे, पडद्यांवर कोंबडे, मीठ-मिऱ्याच्या बाटल्यासुद्धा कोंबडा-कोंबडी. स्वयंपाकघरातला तेलकटपणा त्यांच्या अंगावर बसायचा, त्यावर धूळ चिकटायची, आणि ती नुसत्या फडक्याला दाद देत नसे. कोमट साबणपाणी घ्यायचं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने एकेका तुऱ्याच्या खाचा घासायच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर मोठमोठी पातेली उचलून अर्डिसच्या बोटांचे सांधे वाकडे झाले होते. शनिवारी संध्याकाळी तिला कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा.

आणि आमच्या एल्क प्रेरी गावात कुणालाही विचारा, अर्डिसचा छंद काय? शेंबडं पोर सांगेल, कोंबडे. गावात प्रत्येकाचं असं काहीतरी ठरलेलं असतंच. कुणाच्या घरी चमचे, कुणाच्या घरी घंटा, पोस्टातल्या बाईकडे बेडूक. तसे अर्डिसकडे कोंबडे.

आता खरी गोष्ट सांगते. अर्डिसला कोंबडे आवडत नव्हते. एकही नाही. लहानपणी शेतावर एका दांडग्या कोंबड्याने तिच्या पोटऱ्या फोडून काढल्या होत्या, तेव्हापासून त्या जातीशी तिचं वाकडंच.

मग हे सगळं आलं कुठून? तर एका डागापायी. लग्नाला थोडी वर्षं झाली असतील, तेव्हा अर्डिसने घाईघाईत तापलेली कढई ओट्यावर तशीच टेकवली आणि सनमायक्यावर हा एवढा काळा डाग पडला. दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या बायका कॉफीला यायच्या होत्या. आमच्याकडे बायका कॉफी पितात तोंडाने आणि ओटा बघतात डोळ्यांनी. डाग झाकायला काहीतरी रुंद बुडाचं हवं होतं. कोपऱ्यावरच्या घरी जुन्या सामानाची विक्री चालली होती, तिथे अर्डिसला बिस्किटांची एक बरणी मिळाली. बूड अगदी हवं तेवढं होतं. आता तिचा आकार कोंबड्याचा होता, त्याला ती काय करणार?

दुसऱ्या दिवशी तिची नणंद लव्हॉन दारातूनच ओरडली, "अगंबाई! तुला कोंबडे आवडतात? मला कसं माहीत नाही?"

अर्डिसने "तसं नाही गं" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तसं म्हटलं की डाग दाखवणं आलं. शिवाय लव्हॉनचा चेहरा इतका खुलला होता! समोरच्याच्या आनंदावर पाणी ओतायचं आमच्याकडे कुणाला जमतच नाही. अर्डिस म्हणाली, "बरा आहे ना?"

झालं. नाताळला लव्हॉनने कोंबड्याचं घड्याळ आणलं. वाढदिवसाला चर्चच्या बायकांनी टॉवेल दिले. पोरगी जोलीन शाळेत जायला लागली तशी प्रत्येक मातृदिनाला एक कोंबडा घरी यायला लागला. लव्हॉन मातीकामाच्या वर्गाला जात होती, तिथे तिने स्वतःच्या हाताने एक कोंबडा रंगवला. त्याचा एक डोळा कपाळावर आणि दुसरा चोचीत. नवरा ऑर्विल तर घुम्या माणूस, जन्मात कधी फूल आणलं नसेल, पण एकदा जत्रेहून येताना त्याने कोटाच्या आत लपवून एक लोखंडी कोंबडा आणला. टेबलावर ठेवला आणि लाजून गोठ्यात निघून गेला. अशा माणसाला काय सांगणार? अर्डिस सगळ्यांना एकच म्हणायची, "अय्या, किती छान!" आणि पुसत राहायची.

ऑर्विल गेला. घर मोठं वाटायला लागलं, जिना चढवेना. जोलीनने धावपळ करून नदीकाठच्या इमारतीत म्हाताऱ्या माणसांसाठी असतं तसं एका खोलीचं घर मिळवलं. दोघी बघायला गेल्या तेव्हा जोलीन कपाटं उघडून बघत होती आणि अर्डिस खिडकीपाशी उभी होती. खिडकीची कड चांगली रुंद, पांढरी आणि रिकामी होती. बाहेर नदी संथ चालली होती. अर्डिसने कडेवर दोन्ही कोपरं टेकवली. पुसायला काही नव्हतं. तिला एकदम रडूच आलं, आणि जोलीनला वाटलं, आईला बाबांची आठवण झाली.

"आई, ही अख्खी भिंत आपण कोंबड्यांना देऊ," जोलीन फीत घेऊन मापं काढत म्हणाली. "वरपर्यंत फळ्या ठोकून घेते. आणि खिडकीत तुझे आवडते मांडू. चालेल ना?"

"चालेल," अर्डिस म्हणाली. तिच्या तोंडात तो शब्द इतका रुळला होता की डोक्याला न विचारताच बाहेर पडायचा.

त्या रात्री तिला झोप आली नाही. मरेपर्यंत आपण ब्रश घेऊन त्या भिंतीपुढे उभ्या आहोत, असं तिला दिसत राहिलं. मला ती खिडकी हवी आहे, रिकामी हवी आहे, बाकी काही नको, असं ती अंधारात मोठ्याने बोलली. बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

गावात कोंबडे विकायला काढायची सोय नव्हती. दिलेली वस्तू कुणी आपल्याच अंगणात विकायला मांडलेली पाहिली, तर चर्चमध्ये शेजारी बसायची पंचाईत व्हायची. म्हणून अर्डिसने कोंबडे वर्तमानपत्रात गुंडाळले, बुडाखाली चिकटवलेल्या, देणाऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या गरम पाण्याने सोडवल्या आणि रोज थोडे थोडे गाडीत घालून पार पलीकडच्या तालुक्यातल्या जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात नेऊन दिले. तिथे तिला ओळखणारं काळं कुत्रंही नव्हतं. ऑर्विलचा लोखंडी कोंबडा मात्र हातातून सुटेना. तो तिने लोकरी मोज्यांत गुंडाळून कपड्यांच्या खणात ठेवला. जोलीनला सांगितलं, "कोंबडे खोक्यांत भरून इमारतीच्या तळघरातल्या कोठीत ठेवलेत. फळ्यांची घाई नको." त्या वयात मुलीशी खोटं बोलायची वेळ आली. पण खोटं बोलून झाल्यावर ती नवीन घरात खिडकीपाशी बसली आणि हातपाय सैल सोडून नुसती बसून राहिली. तिच्या आयुष्यातला तो पहिला रिकामा शनिवार होता.

बिचारीच्या एक गोष्ट लक्षातच आली नाही. तिच्यासाठी कोंबडे हुडकायला ही माणसं इतकी वर्षं जात कुठे होती? जुन्या वस्तूंच्याच दुकानांत ना!

अर्डिसचा वाढदिवस चर्चच्या तळघरात झाला, नेहमीसारखा. हॅमचे पाव, बटाट्याचं सॅलड, लिंबाच्या चवीची थरथरती जेली आणि मोठ्या भांड्यात पातळ कॉफी. अर्डिसला थकवा आला होता, केक कापून घरी जायचं एवढंच मनात होतं. इतक्यात जोलीनने टाळ्या वाजवल्या.

"आई, इकडे बघ! डोळे उघडे ठेव हं!"

कोपऱ्यातल्या लांब टेबलावर चादर टाकलेली होती. जोलीनने ती ओढली.

टेबलभर कोंबडे होते. निळ्या शेपटीचा तो तिचा. चोच डिंकाने चिकटवलेला तो तिचाच. तुऱ्यावर टवका गेलेला, मागच्या वर्षी ब्रश जोरात लागला म्हणून. सगळेच तिचे होते.

"मी पलीकडच्या तालुक्यात गेले होते," जोलीन सगळ्यांना सांगत होती, "तर एका दुकानात कपाटच्या कपाट भरून कोंबडे! कुणीतरी आईसारखीच हौशी बाई गेली असणार बिचारी, आणि घरच्यांना मेलं कवतिक नसणार. मी म्हटलं, सगळे द्या. आईकडे सुखात नांदतील!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्याअधिक बायकांनी आपल्याच हाताने दिलेला कोंबडा समोर होता, पण एकीलाही ओळखू आला नाही. कोंबडे त्यांनी एकेक करून कधी पाहिलेच नव्हते. एकेक पाहायचं काम अर्डिसचं होतं.

"अय्या," अर्डिस म्हणाली. "किती छान."

लव्हॉन मात्र टेबलाशी वाकली होती. तिने एक कोंबडा उचलला. त्याचा एक डोळा कपाळावर होता आणि दुसरा चोचीत. लव्हॉनने तो उलटा केला. तिथे चिठ्ठी नव्हती, तिची आद्याक्षरं मातीतच कोरलेली होती. तिने अर्डिसकडे पाहिलं, कोंबडा अलगद खाली ठेवला आणि म्हणाली, "चला, कप विसळायला घेऊ या."

मागच्या स्वयंपाकघरात तिने आधी नळ मोठा सोडला. मग म्हणाली, "दोन रात्री जागून रंगवला होता तो मी."

"माहीत आहे गं."

"डोळा तिरका झाला म्हणून टाकलास?"

"डोळ्याचं नाही लव्हॉन." अर्डिसने ओट्याला हात टेकला. "मला कोंबडेच आवडत नाहीत. कधीच आवडले नव्हते. ती बरणी मी डाग झाकायला आणली होती."

लव्हॉन वळली. तिच्या हातातून फेस ठिबकत होता. "कधीच नाही? अगं पण इतकी वर्षं! तोंड नव्हतं का तुला?"

"तुम्ही इतक्या आनंदाने आणायचात."

"आनंदाने? डोंबल!" लव्हॉनचा आवाज चिरकला. "अगं, वीट आला होता मला कोंबडे शोधून शोधून! पण तुला द्यायचं काय? कॉफी कशी हवी, तर कशीही चालेल. केक कुठला आणू, तर कुठलाही चालेल. सगळा जन्म चालेल, चालेल करत काढलास. तुझं म्हणून एवढं एकच कळलं होतं आम्हाला. तेही खोटंच निघालं."

अर्डिसला खाली बसावंसं वाटत होतं, आणि तिथे खुर्ची नव्हती.

जोलीन दारात उभी होती, हातात कोंबड्यांचं खोकं. कधी येऊन उभी राहिली कोण जाणे. "म्हणजे ते तुझेच..." ती म्हणाली. मग तिने खोकं खाली ठेवलं. "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"बाबांनासुद्धा नाही?"

"तो कोटात लपवून घेऊन आला होता गं," अर्डिस म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. सांगणार कुणाला? ज्याला सांगायचं तो बायकोला कोंबडे आवडतात असं समजूनच निघून गेला होता. लव्हॉनने ओल्या हातांनीच तिला धरलं. तिचा राग गेला नव्हता, पण धरलं.

खोकी लव्हॉनच्या गाडीत गेली. त्यांचं काय करायचं ते कुणी विचारलं नाही. जोलीनने आईला घरी आणलं, कोट काढून दिला, कॉफी केली. दोघी खिडकीपाशी बसल्या. नदीवर उजेड उतरत होता. जोलीन आज पहिल्यांदाच पाहुण्यासारखी अवघडून बसली होती.

कॉफी फार गरम होती. जोलीनने कप ठेवायला इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकीच्या रुंद कडेवर टेकवला. पण हात न सोडताच थबकली.

"इथे ठेवू, आई? चालेल?"

अर्डिसच्या जिभेवर उत्तर येऊन बसलेलं होतं. तिने ओठ मिटले.

"नाही," ती म्हणाली. "तिथे नको ठेवूस."

जोलीनने कप उचलला, बुडाखालचा ओला गोल बाहीने पुसला आणि पोळणारा कप दोन्ही हातांत धरून बसली.