कोरा टॉवेल आणि चौथ्यांदा उघडलेला कार्बोरेटर

गेल्या शनिवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या पार्किंगमध्ये मी गाडीचा कार्बोरेटर उघडला. दोन महिन्यांत चौथ्यांदा...

गाडी वडिलांची. गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट अखंड, सकाळी चोक ओढल्याशिवाय न उठणारी. मी कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, मेकॅनिक नाही. पण गेल्या अकरा वर्षांत तिच्या इंजिनला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. मॅन्युअल वाचून, चुकतमाकत सगळं स्वतः शिकलो, आणि हे सांगताना मी लाजत नाही.

पहिल्यांदा उघडला तो नुसता साफसफाईसाठी, आजार त्यानंतर लागला. तो असा... गाडी सुरू लगेच व्हायची. उभी असताना इंजिन घड्याळासारखं. आठ-दहा किलोमीटर बरी जायची, मग ॲक्सिलरेटर दाबला की झटके, आणि बंद. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

मी क्रमानं गेलो. प्लग, कॉइल, टाकी, फिल्टर, पंप... सगळं तपासून वहीत टिपलं. कार्बोरेटरमधल्या तरंगत्या फ्लोटची पातळी व्हर्नियरनं मोजली, बरोबर निघाली. जेट, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं तो पितळी तुकडा, पेट्रोलनं धुतला. तीनदा उघडून तीनदा चकचकीत करून बसवलं. तिसऱ्या वेळेनंतर तर गाडी तिसऱ्याच किलोमीटरला थांबली.

ते ठिकाण म्हणजे सात रस्ता. बायकोच्या मावशींना स्टेशनला सोडायला निघालो होतो. ऐन चौकात गाडी बसली, मागं हॉर्न. एक रिक्षावाला जाता जाता म्हणाला, "मामा, म्युझियमवाल्यांना फोन लावू का?" मावशींची ट्रेन चुकली.

घरी आल्यावर बायकोनं चहा ठेवला आणि मग म्हणाली, "अजून एकदा रस्त्यात बंद पडली, तर देऊन टाकायची. कबूल?" मी कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार...

गिऱ्हाईक होतंच. टेंभुर्णीचे एक हॉटेलवाले वर्षभर मागं लागले होते. त्यांना गाडी हायवेला हॉटेलसमोर चौथऱ्यावर उभी करायची होती, लोकांनी फोटो काढावेत म्हणून. कार्बोरेटर गेलाय म्हटल्यावर, "इंजिन नसलं तरी चालतंय," असं ते फोनवर म्हणाले होते. ते रविवारी बघायला येणार होते.

म्हणून शनिवारची ही चौथी वेळ. कार्बोरेटरचे भाग काढून मी नेहमीप्रमाणे कोऱ्या पांढऱ्या टॉवेलवर मांडले. प्रत्येक वेळी नवा टॉवेल घ्यायचा, हा माझा या दोन महिन्यांतला नियम. पांढरा अशासाठी की काळी घाण लगेच दिसावी.

खालच्या मजल्यावरचे नरसय्या काका खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. चाळीस वर्षं टॉवेल विणायच्या मागावर काढलेला माणूस. गाडी त्यांना चालवता येत नाही. मी कार्बोरेटरच्या बाऊलचे, पेट्रोल साठतं त्या वाटीचे, कोपरे टॉवेलनं पुसत होतो, ते बघत होते.

"सतीशराव, हे टॉवेल कोरं हाय की."

"हो, मुद्दाम. जुन्या फडक्यात घाण असते."

"धुतलं न्हाय?"

"आत्ता पॅकिंगमधून काढलाय, काका."

काकांनी टॉवेलचा कोपरा बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाले, "अवो, कोरं टॉवेल तीन धुण्यापर्यंत लव सोडतंय. चाळीस वर्षं ती माझ्या नाकात गेली. तुमी गाडीच्या नाकात घालताय."

मी म्हटलं, असती तर मला दिसली असती. "पांढऱ्यावर पांढरं काय दिसतंय?" काका म्हणाले.

बाऊलमधून काढून ठेवलेलं पेट्रोल मी एका काळ्या प्लास्टिकच्या झाकणात ओतलं आणि उन्हात धरलं. केसाहून बारीक पांढरे तंतू... पंधरा मोजले, मग मोजणं सोडलं.

पुढचं माझं मलाच कळलं. वेग वाढला की पेट्रोलबरोबर तंतू जेटच्या तोंडाशी ओढले जायचे. इंजिन बंद झालं की सुटून तळाशी बसायचे. आणि मी दर वेळी नव्या टॉवेलनं आणखी तंतू आत सोडत होतो. वहीत लिहिलं... कारण : मी.

सगळे भाग पुन्हा धुतले. या वेळी फडकं नाही, सायकलच्या पंपानं हवा मारली आणि उन्हात वाळवले. संध्याकाळी काकांना पुढं बसवून हायवेला पंचवीस किलोमीटर गेलो आणि आलो. एक झटका नाही. काका परतताना झोपले होते.

रविवारी हॉटेलवाले आले. त्यांनाही एक चक्कर मारून आणली, बायको मागं बसली होती. "आवाज लई गोड हाय. कधी नेऊ मग?" ते म्हणाले. मी आरशातून बायकोकडं बघितलं. शब्द तिला दिलेला होता, आणि त्या शब्दाचा अर्थ लावायचा अधिकार माझा नव्हता.

बायको मागून म्हणाली, "बंद पडली तर द्यायची, असं ठरलं होतं. पडली का?"

"न्हाय, पण वैनी, साहेब म्हणालेले की कार्बेटर गेलाय..."

"ते बरंच काही म्हणतात."

हॉटेलवाले माणूस चांगले, चहा घेऊन हसत गेले. गाडी पार्किंगमध्ये आहे.

सोलापुरात जन्म गेला, घरातली निम्मी माणसं टॉवेलच्या धंद्याशी जोडलेली, आणि कोरा टॉवेल लव सोडतो हे मला दुसऱ्यानं सांगावं लागलं. अकरा वर्षांत जे शिकलो ते खोटं नाही, पण ते फक्त बॉनेटच्या आतलं होतं. नरसय्या काका मोबाइलवर असल्या पोस्ट वाचत नाहीत, म्हणून खाली जाऊन तोंडी आभार मानून आलो. "बरं झालं," म्हणाले, आणि मी सोबत नेलेले उरलेले तीन कोरे टॉवेल ठेवून घेतले.