स्टिकर लावलेला नारळ

"काका, नारळ जरा फिरवा. स्टिकर कॅमेऱ्याकडे येऊ द्या."

नवा साहेब मला सांगत होता. नारळी पौर्णिमा. कंपनीच्या जेट्टीवर मी उभा. हातात मानाचा नारळ, सोनेरी कागदात गुंडाळलेला, त्यावर नव्या कंपनीचं गोल चिन्ह. औषधाच्या बाटलीला चिकटवतात तसं.

जेट्टी आहे तिथं आमचं मिठागर होतं. घरटी एक नोकरी देऊ म्हणाले, म्हणून सोडलं. गॅसची जहाजं आली, माझा मुलगा पाइपलाइनवर लागला. दर्याला नारळ द्यायचा मान मात्र माझ्या घराकडेच राहिला. तो नारळ पाण्यात पडल्याशिवाय आमच्या खाडीत कोणी होडीचा दोर सोडत नाही. जहाजं धक्क्याला ओढून आणणाऱ्या, कंपनीच्या टगबोटीसुद्धा नाहीत. टगवर आमचीच पोरं.

यंदा दोन गॅस कंपन्या एक झाल्या. लग्न त्यांचं लागलं, घराबाहेर काढली पाइपलाइनवरची आमची पोरं. एका कामाला दोन माणसं नकोत म्हणे. साहेब तेवढे दोन्हीकडचे राहिले. एक बोलतो, दुसरा मुंडी हलवतो. तेच काम असेल.

मुलाचा गेटपास काढून घेतला आणि त्याच आठवड्यात मला न्यायला गाडी पाठवली. मुलगा गेटबाहेर उभा, बाप आत. वाटलं, साहेब निदान पोरांचं काही बोलेल. बोलला ते स्टिकरचं.

मीच विचारलं, "पोरांचं काय?"

"काका, सणाच्या दिवशी ते नको."

सण आमचा. आणि हा मला शिकवणार सणाला काय बोलायचं.

मी नखानं स्टिकर खरवडला. सोनेरी कागदासकट फाटला. तो तुकडा साहेबाच्या हातावर ठेवला, नारळ काखेत मारला.

"काका, फोटो राहिला."

"तुझाच काढ. नारळ पडणार न्हाय."

मागं टगवाल्या पोरांना दोर सोडा, दोर सोडा चाललं होतं. एकानंही हात लावला नाही. साहेबानं दुकानातला नारळ आणवून स्वतः फेकला. दर्याला काय चटणी वाटायची होती? पोरं नुसती हसली. दोर बांधलेलेच. गॅसचं जहाज खाडीबाहेर भोंगे मारत राहिलं.

आता साहेबाची माणसं रोज दारात. काका, मोठा सत्कार करू, मान देऊ. मान माझाच, हे देणार कुठून?

नारळ माझ्या देव्हाऱ्यात आहे. काढलेली पोरं त्याच गेटातून आत जातील, त्या दिवशी दर्यात सोडीन. तोवर जहाजानं बाहेर उभं राहावं. आमची पोरं राहिलीत तसं.