अळू करायला गेलो अन्

साळवे मॅडम कुठल्याही नव्या वस्तूवर आधी पाणी शिंपडायच्या. वाळूजच्या प्लास्टिक कारखान्यात मी रुजू झाले त्या सकाळी त्यांनी पेल्यात बोटं बुडवली आणि माझ्या कोऱ्या ओळखपत्रावर थेंब उडवले. "बघ, इथं पसरलं, तिथं थांबलं. का गं?" मला इंग्रजी शाळेत पाठ केलेलं काहीतरी आठवत होतं, पण तोंडात येईना. ही थट्टा आहे की मुलाखतीचा राहिलेला भाग, तेही कळेना.

मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. साच्याच्या आतून पानांवर असते तशी बारीक नक्षी कोरायची, म्हणजे त्यातून निघणाऱ्या प्लास्टिकवर ती उमटते, हे आमचं काम. त्यांच्या टेबलावर फायलींपेक्षा पानं जास्त असायची: अळू, कोबी, शिवाय मुकुंदवाडीच्या त्यांच्या घरातल्या कुंडीतल्या गुलाबाच्या पाकळ्या. "का गं?" दिवसभर चालायचं. उत्तर त्यांना माहीत आहे आणि माझी परीक्षा चालू आहे, असं मी धरून चालले होते.

मग पोळ्यांच्या डब्याचं काम आलं. वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि पोळ्यांवर ठिबकतं. अळूच्या पानावरून ओघळतं तसं ते झाकणावरून कडेला जायला हवं होतं. जमलं तर विभाग राहील, नाहीतर बंद, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पहिलं झाकण निघालं. मॅडमनी पाणी शिंपडलं. थेंब साबुदाण्यासारखे गोल झाले, पण जागचे हलेनात. झाकण तिरपं केलं, पार उलटं केलं, तरी लटकलेलेच.

"आगं माय! अळू करायला गेलो अन् गुलाब झाला की!" त्यांनी पाकळी उलटी धरून दाखवली. तिच्यावरचा थेंबही तसाच चिकटलेला.

गरम पोळ्या ठेवून पाहिल्या. थेंब झाकणालाच, पोळ्या कोरड्या. आनंद मानावा की नाही, आम्हा दोघींनाही ठरवता येईना.

मालकांनी विचारलं, "मॅडम, हे पास का नापास?"

"मागितलं ते झालं नाय, साहेब. झालं ते वाईट बी नाय."

"गिऱ्हाईक म्हणेल, झाकणाला घाम सुटलाय."

विभाग बंद झाला. मला दुसऱ्या विभागात टाकलं, मॅडम कन्नड गावी भावाकडे राहायला गेल्या. जाताना तो एकुलता एक डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "घरी वापर. अन् बघत राहा."

परवा आई म्हणाली, "पोळ्या मस्त राहतात गं यात. मावशीसाठी अजून एक आण ना." साचा केव्हाच भंगारात गेला होता. ते आईला सांगायच्या आधी मी मॅडमना फोन लावला.

"पोळ्या कशा राहतात?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"कोरड्या."

त्या हळूच म्हणाल्या, "मग बंद का केलं गं त्यांनी?"

सवयीनं मी परीक्षेचं उत्तर शोधायला लागले. मग लक्षात आलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आधीच्या सगळ्या "का गं?"ची उत्तरं तरी त्यांना माहीत होती का? कोण जाणे.

"सांग ना," त्या म्हणाल्या.