लासिनाचं नाक

मशिदीच्या मातीला वास येत नव्हता. बुजुर्ग गवंडी लासिना त्राओरेने खड्ड्याकाठी उकिडवं बसून तीनदा हुंगलं, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. भाताचा कोंडा घालून महिनाभर कुजवलेली माती ती. तिच्या वासाने बानी नदीतले मासेसुद्धा पलीकडच्या काठाला जायला हवेत. वास नाही, म्हणजे नक्की कुणीतरी सिमेंट कालवलंय. पावसात गिलावा सुटेल आणि भिंतही घेऊन जाईल. उद्या मशीद लिंपायला गाव जमणार, आणि माती हुंगून ‘लिंपा’ म्हणायचा मान तीस वर्षं लासिनाच्या नाकाचा.

मुखियाच्या जावयाचं सिमेंटचं दुकान आहे, हे त्याला लगेच आठवलं. तेवढ्यात घडा घेऊन आलेल्या शेजारच्या कोरोतुमूने पदर तोंडावर ओढला, खड्ड्यात पाणी ओतलं आणि ती पळाली. मागून आलेल्या बायकांनीही तेच केलं.

‘तोंडं लपवतात,’ लासिना पुटपुटला. ‘अख्खं गाव सामील आहे.’

मग त्याचा जुना दोस्त नान्झे कुलिबाली नाक चिमटीत धरून आला.

“चवळीखाऊ,” लासिनाने कुलिबालींसाठी ठरलेली शिवी हासडली, “काय कालवलंस यात?”

“मी? मेलेल्या गाढवासारखी घाण सुटलीय, आणि…” नान्झे थबकला. त्याने पिशवीतला सुका मासा काढून लासिनाच्या नाकाखाली धरला. “डोळे मीट. काय आहे सांग.”

लासिनाने बराच वेळ हुंगलं. “साबण?”

नान्झे हसला नाही, तेव्हा लासिनाला कळलं.

“कुणाला सांगू नकोस.”

“उद्या सगळ्यांसमोर सांगणार.”

लासिनाला वाटलं, ‘लिंपा’ म्हणायचा मान स्वतःकडे यावा म्हणून हा टपलाय.

सकाळी गाव टोपल्या घेऊन जमलं. नान्झे ओरडला, “ऐका हो! या त्राओरेचं नाक मेलंय. साबण आणि सुका मासा याला एकच!”

लोक पोट धरून हसले. त्राओरे आणि कुलिबाली घराण्यांचा एकमेकांना थट्टेने शिव्या घालायचा हक्क आजोबा-पणजोबांपासूनचा. त्यांचं बोलणं खरं कोण मानणार?

“आणि याचं चवळीने भरलेलं पोट आधी तपासा,” लासिना म्हणाला. तो मातीवर वाकला, हुंगल्यासारखं केलं, पण नजर नान्झेच्या चेहऱ्यावर. शेजारी वाकलेल्या नान्झेच्या डोळ्यांतून मातीच्या उग्र वासाने धारा लागल्या होत्या.

सोंग तर नसेल? लासिनाने त्याच्या गालावरून बोट फिरवलं. ओलं होतं.

“लिंपा,” तो म्हणाला.