मामाने बसवलेला प्रोसेसर

हे मी कुणापाशीच बोललेले नाही — आईशी नाही, नवऱ्याशीही नाही. तुलाच का सांगतेय? तू मामाला कधी पाहिलं नाहीस, म्हणून असेल.

मामा ठाण्याला, नौपाड्यात राहायचा. अख्ख्या बिल्डिंगचे बिघडलेले रेडिओ, मिक्सर त्याच्याकडे यायचे. माझा पहिला कॉम्प्युटर जुळवायचा ठरला तेव्हा मी डोंबिवलीहून त्याच्याकडेच गेले. मला काचेचं कॅबिनेट आणि रंगीत दिवे हवे होते. त्याने मला वेड्यात काढलं. आधी मदरबोर्ड, म्हणाला. त्यात कुठला प्रोसेसर बसतो, कुठली रॅम चालते, ते ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं. महिनाभर आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर याद्या केल्या आणि खोडल्या. मामी गेल्यापासून त्याला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. हात मात्र थरथरायला लागले होते. चहा बशीत सांडायचा आणि तो पटकन पुसून टाकायचा.

सगळे भाग आले त्या सकाळी तो म्हणाला, आंघोळ करून येतो, तोवर कशाला हात लावू नकोस. नवी वस्तू पारोशाने उघडायची नाही, हा त्याचा नेम.

आणि मी? मला कुठला दम निघतोय. मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचं झाकण काढलं, प्रोसेसर ठेवायला गेले — तो तिरका निसटला. आतल्या केसासारख्या बारीक पिनांची एक ओळ आडवी झाली. मी पाहिलं. अगदी नीट पाहिलं. मग प्रोसेसर डबीत, झाकण जागेवर — होतं तसं ठेवून दिलं.

मामा आला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून, श्वास रोखून त्याने प्रोसेसर बसवला. मी शेजारीच उभी होते. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

कॉम्प्युटर सुरू झाला नाही. दुकानदाराने टॉर्च मारून पिना पाहिल्या आणि विचारलं, बसवला कोणी?

"मी," मामा म्हणाला. "हात कापतात हल्ली." मग माझ्याकडे वळला. "चुकलंच गं माझं."

मी म्हणाले, "असू दे रे मामा."

कळतंय का तुला? मी त्याला माफ केलं.

नवा बोर्ड दुकानातच बसवून घेतला. त्यानंतर मामाने शेजाऱ्यांचे रेडिओ न उघडताच परत पाठवले. खंडेनवमीला मी गेले तर त्याच्या पाटावर नुसतीच झेंडूची फुलं. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंग आयर्न, सगळं एका पिशवीत भरून ठेवलेलं. ते त्याने माझ्या हातात दिलं. आता तूच पूजत जा, म्हणाला. मी घेतलं. तेव्हाही बोलले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

दर खंडेनवमीला मी ती हत्यारं मांडते, हळदकुंकू वाहते. यंदा मुलीने विचारलं, ही कोणाची?

मामाआजोबांची, मी सांगितलं. त्यांचे हात कापायला लागले ना, म्हणून त्यांनी काम सोडलं.